रावेरचे पान : रोजचे जेवण, हंगाम आणि रीती

जळगाव जिल्ह्याच्या उत्तर भागात, सातपुड्याचा पायथा आणि तापी नदी यांच्या दरम्यान वसलेला रावेर तालुका भुसावळ-खंडवा लोहमार्गावर असून मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्याला लागून आहे. बदलीमुळे, सोयरिकीमुळे किंवा केळीच्या व्यापारानिमित्त येथे येणारा माणूस बहुधा हॉटेलातील ‘खान्देशी थाळी’ची कल्पना मनात घेऊन येतो, शेवभाजी, वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, पाटोडीचा रस्सा आणि खापरावरची पुरणपोळी हे सारे एकाच ताटात वाढले जात असेल, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात रावेरच्या घरांत हे पदार्थ एका ताटात सहसा येत नाहीत, कारण प्रत्येकाचा हंगाम ठरलेला असतो, प्रसंग वेगळा असतो आणि सोबतीला काय असावे हेही ठरलेले असते. भरीत हिवाळ्याचे, खापराची पोळी आखाजीची, वरण-बट्टी पंगतीची आणि खिचडी रोजच्या रात्रीची, ही विभागणी ज्याला कळली त्याला येथील जेवण कळले. नवागताने, पाहुण्याने आणि घरापासून दूर राहणाऱ्या खान्देशी कुटुंबांनीही ही व्यवस्था कशी समजून घ्यावी आणि कशी पाळावी, याचे मार्गदर्शन पुढे केले आहे.

दिवसाचा क्रम

या भागातील जेवणाच्या वेळा घड्याळापेक्षा शेतीच्या कामावरून ठरत आल्या आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, त्यामुळे केळीच्या बागेतील पाणी देणे, पिले कापणे, घड उतरवणे ही कामे उन्हे चढण्यापूर्वी उरकण्याकडे कल असतो. सकाळी चहा होतो आणि त्यासोबत किंवा थोड्या वेळाने न्याहारी होते, ज्यात आदल्या दिवशीची भाकरी दुधात किंवा ठेच्याबरोबर, पोळीचा फोडणी दिलेला कुस्करा किंवा पोहे असतात. दुपारचे जेवण हेच दिवसाचे मुख्य जेवण होय. शेतावर ते फडक्यात बांधून नेले जाते आणि त्यात भाकरी, सुकी किंवा दाटसर भाजी, चटणी आणि कांदा अशा प्रवासात न सांडणाऱ्या वस्तू असतात; घरी असेल तर त्यात रस्सा, वरण आणि भात यांची भर पडते.

रात्री मात्र अनेक घरांत चूल पुन्हा पूर्ण पेटवण्याऐवजी खिचडीवर भागवले जाते. ही खिचडी आजारी माणसाची मऊ, पिवळी खिचडी नव्हे. तांदूळ आणि तुरीची डाळ यांत लसूण, तिखट, हळद आणि शेंगदाणे घालून ती मोकळी शिजवतात, ताटात वाढल्यावर तिच्यावर लसणाची गरम फोडणी किंवा कच्चे तेल घेतात आणि सोबत कढी, पापड व कांदा ठेवतात. जो पाहुणा रात्री मुक्कामाला थांबणार आहे, त्याने खिचडी पुढे आली म्हणून पाहुणचारात उणे राहिले असे समजू नये, कारण रात्री खिचडी वाढणे म्हणजे त्याला घरातील माणूस मानणे होय.

दुपारी भरपेट आणि नंतर थोडी विश्रांती ही रीत उष्ण प्रदेशांत अन्यत्रही आढळते. स्पेनमध्ये सकाळचा नाश्ता हलका असतो, मुख्य जेवण दुपारी दोन ते तीनच्या सुमारास होते, त्यानंतर वामकुक्षीची जुनी प्रथा आहे आणि रात्रीचे जेवण नऊ-दहा वाजता घेतले जाते. रावेरमध्ये दुपारच्या जेवणाचे माहात्म्य तसेच आहे, मात्र पहाटे कामाला लागणाऱ्या शेतकरी घरांत रात्रीचे जेवण उशिरापर्यंत ताणले जात नाही. म्हणून ज्याला कोणाच्या घरी बोलावले आहे, त्याने सांगितलेल्या वेळेनंतर तासाभराने पोहोचणे येथे शोभत नाही.

भाकरी आणि कळणा

गहू आता घरोघरी असला, तरी या भागाची जुनी ओळख ज्वारीची आहे. तापीकाठच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत रब्बी हंगामात येणाऱ्या ज्वारीला ‘दादर’ म्हणतात आणि तिची भाकरी चवीला गोडसर लागते. बाजारात ज्वारी घेताना दादर आहे की संकरित आहे, हे विचारून घ्यावे, कारण दोहोंच्या भावात आणि चवीत फरक असतो.

कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि सालासकट अख्खे उडीद एकत्र दळून केलेल्या पिठाची भाकरी होय. साधारण प्रमाण चार भाग ज्वारीला एक भाग उडीद असे असते. दळतानाच त्यात जाडे मीठ घालतात आणि काही घरांत थोडे मेथीदाणेही टाकतात. उडदामुळे पिठाला चिकटपणा येतो, म्हणून ही भाकरी थापताना तुटत नाही आणि गार झाल्यावरही लवकर कडक होत नाही. शेतावर न्यायला ती सोयीची ठरली ती यामुळेच. आहारदृष्ट्याही ही जोड शहाणपणाची आहे, कारण ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन या घटकाची जी उणीव असते, ती डाळीमुळे भरून निघते. पीठ दळून आणताना ते बेताचेच, पंधरा-वीस दिवस पुरेल इतके आणावे, कारण मीठ असलेले पीठ पावसाळ्यात ओल धरते.

कळण्याच्या भाकरीसोबत हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि त्यावर कच्चे तेल, बुक्कीने फोडलेला कांदा किंवा वांग्याचे भरीत एवढेच पुरते. तिच्याबरोबर गोड किंवा पातळ, पाणीदार भाजी सहसा वाढत नाहीत. ज्यांना गव्हाचे वावडे आहे, त्यांना ही भाकरी चालू शकते. परंतु गावच्या गिरणीत गव्हामागोमाग कळणा दळला गेला, तर त्यात गव्हाचे पीठ मिसळते, त्यामुळे अशा माणसांनी दळण घरच्या चक्कीवर करणे इष्ट.

भरिताचा हंगाम

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. भौगोलिक मानांकन म्हणजे एखाद्या वस्तूचा गुण तिच्या प्रदेशाशी निगडित आहे, याची कायद्याने केलेली नोंद. हे वांगे हिरवे, त्यावर पांढरट रेघा असलेले, आकाराने मोठे, गराने भरलेले आणि बियांनी कमी असते. शेजारच्या यावल तालुक्यातील बामणोदची वांगी या बाबतीत विशेष नावाजलेली आहेत. वांगे घेताना ते हातात तोलून पाहावे. आकाराच्या मानाने हलके लागणारे वांगे कोवळे आणि कमी बियांचे असते, तर जड वांगे बहुधा जून निघते. देठ हिरवा आणि साल तुकतुकीत असावी.

वांगी भाजण्यासाठी तुरीच्या किंवा कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करतात. या काड्यांची आग झपाट्याने भडकते आणि लवकर ओसरते, त्यामुळे साल पूर्ण करपते, गर आतल्या वाफेवर शिजतो आणि धुराचा वास त्यात उतरतो. भाजलेली वांगी सोलून, लाकडाच्या खोलगट भांड्यात, म्हणजे बडगीत घालून मुसळीने ठेचतात. ठेचताना गराचे धागे राहिले पाहिजेत, त्याची पेस्ट होता कामा नये, म्हणून या कामी मिक्सर वापरू नये. नंतर तेलात शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप तळून, त्यात ठेचलेली हिरवी मिरची व लसूण, भरपूर कांद्याची पात आणि शेवटी ठेचलेले वांगे घालून परततात आणि वरून कोथिंबीर पेरतात. हळद, गरम मसाला आणि टोमॅटो यांना या भरितात स्थान नाही. सोबतीला कळण्याची भाकरी किंवा पुरी असते.

चातुर्मासाचा नेम पाळणाऱ्या घरांत कांदा, लसूण आणि वांगे वर्ज्य असतात आणि मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून ते पुन्हा सुरू करतात. धर्माचा हा नियम आणि पिकाचा हंगाम एकमेकांना पूरक आहेत, कारण उत्तम वांगे थंडीतच येते. थंडीत शेतावर भरिताच्या मेजवान्या होतात आणि जळगाव-भुसावळकडे तयार भरीत किलोवर विकले जाते. उन्हाळ्यात आलेल्या पाहुण्याने भरिताचा हट्ट धरल्यास त्याला भरीत मिळेलही, पण ज्याची ख्याती ऐकली ते मिळणार नाही.

परदेशात राहणाऱ्या कुटुंबांना हिरवे वांगे न मिळाल्यास तेथील मोठे जांभळे वांगे चालते, फक्त ते ओव्हनपेक्षा उघड्या आचेवर भाजावे आणि गर काही वेळ चाळणीत ठेवून सुटलेले पाणी काढून टाकावे. स्पेनच्या कॅटलोनिया भागात ‘एस्कालिवादा’ नावाचा पदार्थ करतात, त्यातही वांगे आणि ढोबळी मिरची आगीवर भाजून सोलतात. मात्र तेथे गर ठेचत नाहीत, त्याच्या पट्ट्या करून ऑलिव्ह तेल आणि मीठ लावतात. विशेष म्हणजे वांगे हे मूळचे आपल्याकडचे आणि अरबांमार्फत स्पेनमध्ये गेलेले, तर भरितातील मिरची आणि शेंगदाणा ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून १६व्या शतकापासून पोर्तुगीज आणि स्पॅनिश दर्यावर्दींच्या व्यापारामुळे जगभर पसरली. ज्याला आज अस्सल गावरान म्हटले जाते, त्याचा तिखटपणा अशा रीतीने समुद्रापलीकडून आलेला आहे.

रस्से, कढी आणि शेव

ज्या काळात ताजी भाजी महाग किंवा दुर्मीळ असते, त्या काळात येथील स्वयंपाकघर डाळींकडे वळते. बेसन शिजवून, थापून त्याच्या वड्या पाडल्या की पाटोडी होते; बेसनाचे सैल पीठ उकळत्या रश्शात थेट सोडले की डुबुकवडे होतात; भिजवलेली डाळ जाडसर वाटून, मिरची-लसूण-कोथिंबीर घालून, मुठी वळून वाफवल्या की फुणके होतात, जे गरम कढीत कुस्करून खाल्ले जातात. तीन पदार्थ, पण मूळ विचार एकच: भाजीवाचून जेवण अडू नये.

शेवभाजी याच विचारातून आलेली आहे. कांदा, सुके खोबरे, लसूण आणि घरचा काळा मसाला भाजून-वाटून केलेल्या तर्रीदार रश्शात शेव घालतात. ही शेव जाड, कडक आणि तिखट असावी लागते. फराळाची बारीक शेव वापरल्यास तिचा लगदा होतो. शेव ताटात वाढण्याच्या वेळीच रश्शात घालावी, आधी घालून ठेवू नये. ढाब्यावरून ती न्यायची असल्यास रस्सा आणि शेव वेगवेगळे बांधून देण्यास सांगावे.

तिखटाची सवय नसलेल्याने ढाब्यावर ‘तिखट कमी’ असे आधीच सांगितलेले बरे, कारण रस्सा एकदा तयार झाल्यावर त्यातील तिखट कमी करता येत नाही. घरी जेवताना मात्र वरची तर्री बाजूला सारून खालचा रस्सा घ्यावा आणि ताक, कढी किंवा दही मागून घ्यावे. पाणी पिऊन तिखट शमत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांनी येथे विशेष सावध राहावे, कारण दाणे, दाण्याचे कूट किंवा शेंगदाण्याचे तेल जवळजवळ प्रत्येक भाजीत असू शकते आणि ते दिसेलच असे नाही.

वरण-बट्टीची पंगत

लग्नाआधीचे आणि नंतरचे कार्यक्रम, भंडारे, कथा-सप्ताहाची सांगता आणि घरगुती कार्ये यांत रावेर, सावदा, फैजपूर या पट्ट्यात वरण-बट्टीला तोड नाही. बट्टीसाठी गहू जाडसर दळतात आणि त्यात काही ठिकाणी थोडा मका मिसळतात; पिठात ओवा, हळद, मीठ आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळतात, त्याचे गोळे किंवा जाड वळ्या उकडून घेतात, कापतात आणि तुपात किंवा तेलात तळतात. शेतावर हेच गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजले जातात. सोबत तुरीचे साधे वरण आणि वांग्याची घोटलेली भाजी, म्हणजे शिजवून रवीने किंवा पळीने एकजीव केलेली भाजी, असते.

खाण्याची पद्धत ठरलेली आहे. बट्टी चमच्याने तोडून खात नाहीत. ती पानावर हाताने बारीक चुरतात, मध्ये आळे करतात, त्यात तूप आणि मग वरण घेतात आणि घोटलेली भाजी बाजूला लावून घेतात. बट्टी पोटात फुगते, म्हणून पहिल्याच वाढीत चार-पाच मागून घेऊ नयेत; वाढपी पुन्हा पुन्हा फिरत असतात.

केळीचा प्रदेश असल्याने पंगतीला केळीचे पान सहज मिळते. पानाचे टोक जेवणाऱ्याच्या डावीकडे ठेवतात. मीठ वरच्या बाजूला मध्यावर, चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे वाढतात. सर्वांची पाने वाढून झाल्याशिवाय जेवण सुरू करू नये आणि शेजारचा जेवत असताना पानावरून उठू नये. आग्रह हा पंगतीचा भाग आहे, त्यामुळे एकदा ‘नको’ म्हटल्याने तो थांबत नाही. खरोखर नको असेल तर पानावर आडवा हात धरावा आणि नम्रपणे ‘पुरे’ म्हणावे. घेऊन टाकून देण्यापेक्षा न घेणे केव्हाही बरे मानले जाते.

आखाजी, वाळवण आणि नेम

अक्षय्य तृतीयेला खान्देशात आखाजी म्हणतात आणि सासुरवाशिणी त्या निमित्ताने माहेरी येतात. पितरांच्या नावे पाण्याने भरलेली मातीची घागर पूजतात आणि आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, कुरडया-पापड आणि पुरणाच्या कटाची झणझणीत रशी यांचा स्वयंपाक होतो. ही पोळी खापरावर, म्हणजे चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर भाजतात. पातळसर मळलेल्या कणकेत पुरण भरून, ती दोन्ही हातांवर आणि मनगटांवर झेलत पोळपाटापेक्षा मोठी करतात आणि एका फेकीत खापरावर पसरतात. हे कौशल्य पाहून शिकण्याचे आहे. शहरातील गॅसवर ते जमवण्याच्या खटाटोपापेक्षा, ज्या बायका मागणीप्रमाणे पोळ्या करून देतात त्यांच्याकडून त्या घ्याव्यात आणि दुसऱ्या दिवशी शिळ्या पोळीचीही चव पाहावी.

त्याच उन्हाळ्यात वर्षाचे वाळवण होते: गव्हाच्या कुरडया, उडदाचे व नागलीचे पापड, शेवया आणि ज्वारी आंबवून केलेले बिबडे. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून त्याचा चीक काढतात आणि तो शिजवतात. साच्यात घालण्याआधी त्या गरम चिकाची वाटी दूध-साखर किंवा तेल-तिखटासह घरातील मुलांना आणि मदतीला आलेल्या शेजारणींना मिळते. हा पदार्थ कोणत्याही हॉटेलात मिळत नाही, म्हणून त्या दिवसांत बोलावणे आले तर ते टाळू नये.

काही रीती पाहुण्यासाठी नसतात, हेही समजून घ्यावे. श्रावणात अनेक कुटुंबांत कानबाई बसवतात आणि तिच्या नैवेद्याचे रोट कुळातील माणसांनीच खाण्याचा दंडक असतो. रोट पुढे न आल्यास तो अपमान समजू नये आणि स्वतः होऊन ते मागू नयेत. मुक्ताईनगरचे मुक्ताबाईचे स्थान जवळ असल्याने या भागात वारकऱ्यांची संख्या मोठी आहे. माळकरी घरात मांसाहाराचा विषयही काढू नये आणि एकादशीला जेवणाऐवजी भगर, साबुदाणा, शेंगदाण्याची आमटी व केळी असतील हे गृहीत धरावे. दुसरीकडे सातपुड्यातील पाल परिसरातील तडवी व पावरा वस्त्यांत खाण्याचे नेम वेगळे आहेत, तेथे भाकरीसोबत अंबाडीची भाजी मिळते आणि मांस-मासळी वर्ज्य नसते. एका घरावरून तालुक्याचा नियम काढू नये. आमंत्रण स्वीकारताना आपले पथ्य सांगावे आणि त्यांचा नेम विचारावा.

केळी

जळगावच्या केळीलाही २०१६ मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याची नोंद रावेर तालुक्यातील तांदलवाडीच्या निसर्गराजा कृषी विज्ञान केंद्राच्या नावे आहे. २०२१ मध्ये याच गावच्या शेतकऱ्यांची २२ टन केळी दुबईला निर्यात झाली. तरीही रोजच्या जेवणात केळीचा वाटा बाहेरच्यांना वाटतो तितका मोठा नाही. ती प्रामुख्याने विकण्याचे पीक आहे आणि घरात फळ, उपवासाचे खाणे, शिकरण आणि वेफर्स या रूपांत येते. वेफर्स घ्यायचे तर जेथे कच्ची केळी कढईवरच किसून तेलात सोडली जातात अशा ठिकाणचे, त्याच दिवशी तळलेले घ्यावेत. नेण्यासाठी केळी घेताना पिवळीधमक न घेता हिरवट छटा असलेली फणी घ्यावी, ती हवेशीर ठेवावी आणि फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण थंडीने साल काळी पडते आणि पिकण्याची क्रिया बिघडते. पाहुण्याने रावेरला जाताना भेट म्हणून केळी नेऊ नयेत. बऱ्हाणपूरवरून येणार असल्यास तेथील मावा जिलेबी किंवा दराबा न्यावा.

थोडक्यात, हिवाळ्यात येणाऱ्याने भरीत मागावे, वैशाखात येणाऱ्याने आखाजी गाठावी, पावसाळ्यात फुणके-कढीवर समाधान मानावे आणि कार्याचे बोलावणे आले तर पोट रिकामे ठेवून बट्टीच्या पंगतीला जावे. वर्षभर सर्व काही देणारी थाळी ही हॉटेलाची सोय आहे. रावेरचे जेवण ज्याला खरोखर जेवायचे आहे, त्याने हंगामाप्रमाणे यावे आणि ज्या घरी जाईल त्या घराच्या वेळेला पानावर बसावे.